पावसाळ्यात सिमेंट, उन्हाळ्यात कागद : नागपूरच्या घरातल्या शिल्पकुंड्या

टाकाऊ वस्तूंतून घरात ठेवायची शिल्पकुंडी करायची म्हटलं की बहुतेक जण आधी आकार ठरवतात, मग साहित्य जमवतात आणि पाण्याचं काय करायचं ते झाड लावताना बघतात. नागपुरात हा क्रम उलटा धरला तर कुंडी टिकते. आधी आत बसणारी नर्सरीची प्लास्टिक कुंडी हातात घ्या, मग कोणता महिना चालू आहे ते पाहा आणि त्यावरून साहित्य ठरवा. आकाराचा विचार त्यानंतर.

महिना एवढा महत्त्वाचा अशासाठी की इथली हवा वर्षभरात दोन टोकं गाठते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मे २०१३ मध्ये तर ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्या दिवसांत ओलं सिमेंट पक्कं होण्याआधीच कोरडं पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातली पुस्तकंही ओल धरतात, मग कागदाचा लगदा कुठला वाळायला? सिमेंटला ओल हवी, लगद्याला ऊन. म्हणून सिमेंटची कामं जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत आणि लगद्याची मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, एवढं पाळलं तरी निम्म्या तडा आणि बहुतेक बुरशी टळते.

आतली कुंडी आधी

घरातल्या शिल्पकुंडीत माती थेट भरू नये, असं माझं ठाम मत आहे. झाड नर्सरीच्या कुंडीतच राहू द्यावं आणि बाहेरचं शिल्प हे तिचं आवरण असावं. झाड बदलता येतं, बाल्कनीत नेऊन पाणी घालता येतं, मूळ सडलं तर शिल्प वाया जात नाही. शिवाय सिमेंटचा चुना आणि मुळं यांची गाठ पडत नाही.

६ इंची नर्सरी कुंडीचा काठ साधारण १५ सेंटिमीटर असतो आणि तिच्यात दीड ते दोन लिटर मातीचं मिश्रण मावतं. तिच्याखाली ताटली ठेवायची म्हणजे बाहेरच्या शिल्पाची आतली रुंदी किमान २० सेंमी हवी. शिल्पाचं तोंड पोटापेक्षा अरुंद करायचा मोह होतो, कारण तो आकार देखणा दिसतो. पण मग आतली कुंडी निघत नाही. तोंड कुंडीच्या काठापेक्षा ३ सेंमी तरी मोठं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोटं आत जातात. तोंड अरुंदच हवं असेल तर आतल्या कुंडीला सुतळीचे दोन कान बांधून ते काठापर्यंत वर आणावेत.

आतली कुंडी तळाला टेकू देऊ नका. फुटक्या टाइलचे किंवा माठाच्या खापरीचे तीन तुकडे खाली ठेवून ती २-३ सेंमी उचला. निथळलेलं पाणी खाली राहतं, मुळं वर राहतात. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने खालचं पाणी ओतून टाका. हे आठवड्यातून एकदा तरी झालंच पाहिजे, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला सात ते दहा दिवस पुरतात आणि झाकलेल्या कुंडीच्या तळाशी साचलेलं पाणी कोणाच्या नजरेला पडत नाही. पावसाळा संपता संपता तर यात चुकारपणा नको.

तळाशी गिट्टीचा थर दिला की पाणी चांगलं निथळतं, हा समज सर्वदूर आहे आणि चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांच्या पोकळीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून राहतं. परिणामी ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. छिद्रावर जाळीचा एक तुकडा पुरतो.

सिमेंट, वीट आणि नारळाचा भुसा

सिमेंट हे काही निसर्गस्नेही साहित्य नव्हे. एक किलो सिमेंट तयार होताना साधारण ६०० ते ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून ते कमी वापरायचं, आणि ज्या वस्तूला दहा-पंधरा वर्षं टिकायचं आहे तिच्यातच वापरायचं. दुकानात सहज मिळतं ते पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे दगडी कोळशाची बारीक राख, मिसळलेलीच असते, म्हणून कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची राख वेगळी आणून टाकायची गरज नाही. पीपीसी जरा सावकाश पकडतं. घरच्या कामाला ते उलट सोयीचं.

वाळूऐवजी विटेचा चुरा घ्या. शहरात कुठे ना कुठे जुनं घर पडतंच असतं, आणि मलब्यातली भाजलेली लाल वीट मागितली तर मिळते. ती हातोडीने फोडून ५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. खाली उरणारी बारीक पूड फेकून देऊ नका. जुन्या चुन्याच्या बांधकामात हीच पूड सुरखी म्हणून वापरत, आणि सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिचं थोडं जमतं. वीट सच्छिद्र असल्याने कुंडी हलकी होते. फोडताना नाकातोंडावर एन-९५ मास्क हवाच आणि वीट आधी ओली केलेली हवी. ती धूळ फुप्फुसात बसते. मलब्यात जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते फोडू तर मुळीच नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतो.

तिसरी वस्तू कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा. विटेच्या आकाराचा सुका ठोकळा भिजवून, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढून, पिळून घ्या. न धुतलेल्या भुशातून तपकिरी पाणी निघतं आणि ते सिमेंटला पकडू देत नाही. दोन दिवसांनीही कुंडी मऊ लागते, त्याचं कारण बहुधा हेच असतं. लाकडाच्या भुशाचंही तसंच. सागवानाचा भुसा तर सिमेंटपासून लांबच ठेवावा.

प्रमाण एका ठरावीक आकारासाठी सांगतो, म्हणजे हिशेब बसेल. बाहेरून २५ सेंमी रुंद, २० सेंमी उंच, भिंत आणि तळ अडीच सेंमी जाड अशा कुंडीला दाबून बसवलेलं साधारण ४.३ लिटर मिश्रण लागतं. त्यासाठी सैल मापाने सिमेंट २ लिटर, म्हणजे सुमारे २.८ किलो, विटेचा चुरा ३ लिटर आणि पिळलेलं कोकोपीट २ लिटर घ्या. जुन्या बारदान्याचे धागे २-३ सेंमी लांबीचे कापून एक सैल मूठ त्यात टाका. सिमेंटच्या क्षारामुळे ताग काही वर्षांत आतल्या आत कुजतो, पण पहिल्या दोन दिवसांत तडा थोपवायचं त्याचं काम तोवर झालेलं असतं.

विटेचा चुरा आदल्या रात्री भिजवून निथळत ठेवा. कोरडी वीट मिश्रणातलं पाणी शोषते आणि सिमेंट उपाशी राहतं. आधी चुरा आणि सिमेंट घमेल्यात एकजीव करा, मग कोकोपीट आणि धागे मोकळे करून मिसळा आणि शेवटी पाणी, एका वेळी पाव लिटर. साधारण एक लिटरच्या आसपास पुरतं, पण खरी परीक्षा मुठीची. मूठ आवळली की गोळा टिकला पाहिजे आणि बोटांमधून दोन-चार थेंबच आले पाहिजेत. धार लागली तर पाणी जास्त झालं. कोरडं सिमेंट-चुरा थोडं वाढवा. जास्त पाण्याची कुंडी दिसायला गुळगुळीत होते आणि वाळल्यावर तिच्यात केसासारख्या तडा जातात. दहा मिनिटं झाकून ठेवून पुन्हा कालवा आणि तासाभरात संपवा. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पाणी घालून ते परत नरम करू नये. हाताला रबरी मोजे हवेत. ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो आणि त्याची भाजणी लगेच कळत नाही, संध्याकाळी कळते.

साचा दोन प्रकारे करता येतो. चौकोनी कुंडीला संत्र्याची लाकडी पेटी उत्तम. कळमन्याच्या फळबाजारातून निघणाऱ्या जुन्या पेट्यांच्या फळ्या पातळ असतात, हव्या त्या मापाला कापल्या जातात. आतून प्लास्टिक लावलं की त्या चार-पाच वेळा वापरता येतात. फळीच्या फटी मुद्दाम ठेवल्या तर त्यांचे आडवे वळ सिमेंटवर उमटतात आणि ते फार छान दिसतात.

शिल्पाचा मोकळा आकार हवा असेल तर बाहेरचा साचा नकोच. २० सेंमी तोंडाची जुनी बादली पालथी घाला, तिच्यावर प्लास्टिक ताणून बांधा आणि प्लास्टिकवर कोंबडीची जाळी गुंडाळा. जाळी प्लास्टिकपासून सेंटिमीटरभर उचललेली राहावी म्हणून मध्ये विटेचे खडे अडकवा. आता खालून, म्हणजे कुंडीच्या काठापासून, मिश्रण थापत वर जा. जाळीच्या भोकांतून ते आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर आत पोकळ्या राहतात. जाडी मोजायला अडीच सेंमीवर खूण केलेला खिळा टोचून बघत राहा. जाळीचं टोक सिमेंटच्या एक सेंमी तरी आत हवं. बाहेर राहिलेलं टोक गंजून वर्षभरात तपकिरी ओघळ सोडतं. काठ गोलसर आणि किमान २ सेंमी जाड ठेवा. धारदार काठ पहिल्याच धक्क्याला टवका सोडतो. तळाच्या मधोमध २ सेंमीचा पाइपचा तुकडा रोवून भोक ठेवा. घरात असताना त्याला बूच लावायचं, बाल्कनीत न्यायची तेव्हा काढायचं.

आकार कोणता, हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न. तरी एक सुचवतो. आपल्याकडच्या काळ्या दगडाचे कोन, थर, तुटलेल्या कडा या मिश्रणात सुरेख येतात, कारण ते मुळातच खरखरीत आहे. माणसाचा चेहरा, बोटं, पाकळ्या असली नाजूक कामं यात करू नयेत. ती लगद्यात करावीत. आणि जिथे जाड आणि पातळ भाग शेजारी येतात, तिथे तडा हमखास जाते. उंचवटा हवा असेल तर भिंत जाड न करता आतली जाळीच त्या जागी बाहेर ओढा.

झालं की सगळं प्लास्टिकने गुंडाळून सावलीत. ऑगस्टमध्ये २४ ते ३० तासांनी, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ४८ तासांनी नखाने ओरखडून बघा. पुसट रेघ उठली पण ढेकूळ निघालं नाही, म्हणजे कोरण्याची वेळ आली. हे चार-पाच तास फार मोलाचे. हॅकसॉचं मोडकं पातं, जुना चमचा, तारेचा ब्रश एवढ्यावर सगळं काम होतं. ब्रश फिरवला की सिमेंटची साय निघून जाते आणि विटेचे लाल कण वर दिसायला लागतात. रंग द्यायची गरज उरत नाही, देऊही नये.

यानंतर क्युरिंग, म्हणजे ओलं ठेवणं. बांधकामाच्या आयएस ४५६ या मानकात मिश्र सिमेंटला किमान १० दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवसांपर्यंत ओल द्यायला सांगितलं आहे. आपण सरळ १४ धरावेत. पावसाळ्यात कूलर बंद पडून असतो. त्याची टाकी धुऊन पाण्याने भरली की कुंडी बुडवून ठेवायला हौद तयार. दर तीन दिवसांनी पाणी बदला, म्हणजे सुटा चुनाही त्याच पाण्याबरोबर जातो आणि डासांनाही वाव मिळत नाही. शेवटच्या दिवशी एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी असं ब्रशने फिरवून लगेच धुवा. तीव्र व्हिनेगर नको, ते पृष्ठभाग खातं. सुकल्यावर आतून सिमेंटच्या पातळ लेपाचे दोन हात द्या.

जुन्या सुती चादरीचा किंवा टॉवेलचा तुकडा सिमेंटात बुडवून पालथ्या बादलीवर टाकायचा आणि त्याच्या चुण्यांची कुंडी करायची, ही पद्धत सोपी म्हणून सगळीकडे दिसते. सिमेंट भज्याच्या पिठाइतकं घट्ट कालवावं, कापड आधी साध्या पाण्यात भिजवून पिळावं आणि एकावर एक दोन थर टाकावेत. पॉलिस्टर सिमेंट पीत नाही, सुतीच हवं. एकेरी कापडाची कुंडी उचलताना चुणीच्या खाचेतच मोडते, म्हणून दुसऱ्या दिवशी आतून-बाहेरून ब्रशने आणखी तीन लेप द्या. आकार मात्र नेहमी एकाच घाटाचा येतो, त्यामुळे एखादी केली की पुरे वाटतं.

मेथी घातलेला कागदाचा लगदा

रद्दी भिजवून, मेथी वाटून घालून टोपल्या थापायची रीत आपल्याकडच्या घरांत जुनी आहे. अशा टोपल्या पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या आहेत, त्यामुळे कागद म्हणजे तकलादू हा समज सोडून द्या. कागदाला दोनच वैरी, पाणी आणि वाळवी.

एक किलो साधी वर्तमानपत्रं घ्या. चकचकीत मासिकांचा कागद नको. त्यावरचा मातीचा लेप लगदा सरसरीत होऊ देत नाही. फाडून तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मग भरपूर पाणी घालून थोडं थोडं जुन्या मिक्सरमधून फिरवा. फडक्यात पिळल्यावर तीन किलोंच्या वर ओला लगदा हाती येतो. १५० ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून अगदी गुळगुळीत वाटा. तिचा चिकटपणाच इथे डिंकाचं काम करतो आणि तिचा कडवटपणा किडीला नकोसा असतो. २०० ग्रॅम मुलतानी मातीने पृष्ठभाग घट्ट होतो. १०० ग्रॅम मैदा एक लिटर पाण्यात शिजवून खळ करा. खळ गार झाल्यावर ५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) थोड्या पाण्यात विरघळवून तिच्यात घाला. बुकबाइंडिंगच्या खळीत मोरचूद घालतात ते वाळवी आणि झुरळांसाठीच. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, लोखंडी-ॲल्युमिनियमचं तर नकोच, कारण ते त्या धातूंना खातं. प्लास्टिकचा डबा आणि लाकडाची काडी घ्या, हातात मोजे घाला आणि मुलांपासून लांब ठेवा. घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर मोरचूद वगळून मेथी २०० ग्रॅम करा.

लगदा, मेथी आणि माती कणकेगत मळून खळ लागेल तेवढीच घाला. खळ जास्त झाली की बुरशीला खाद्य मिळतं.

साधा गोल आकार पालथ्या बादलीवर होतो. आडवा पसरणारा, झुकलेला, पक्षी-प्राण्यांचा आकार हवा असेल तर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना कामट्या, रद्दी आणि सुतळी यांतून केवढा मोठा आकार उभा राहतो हे ठाऊक आहे. कामट्या आधी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवाव्यात, पाणी बदलत. बांबूतली साखर आणि पिष्ट उतरतं आणि घुण्याला आत काही उरत नाही. ओल्या कामट्या वाकतातही नीट. सांधे सुतळीने बांधा. तार गंजते आणि तिचा डाग कागदातून वर येतो.

सांगाड्यावर आधी कागदाच्या पट्ट्यांचे तीन थर खळीने चिकटवा, म्हणजे लगदा आत ढासळत नाही. मग लगद्याचा फक्त ५ मिलिमीटरचा थर. तो पूर्ण सुकला की दुसरा, तेवढाच. २५ सेंमी रुंद आणि तेवढ्याच उंच कुंडीला असे दोन थर एक किलो रद्दीत बसतात. एकदम जाड थापलं तर वरून कडक होतं, आत ओलं राहतं आणि पंधरा दिवसांनी वास सुटतो. पहिला दिवस वाऱ्याच्या सावलीत, दुसऱ्या दिवसापासून ऊन. थेट उन्हात ठेवल्यास काठ आधी आकसून वळतात. एप्रिल-मेमध्ये एक थर दोन दिवसांत सुकतो. सुकला की नाही हे हाताला कळत नाही, वजनकाट्यावर कळतं. सलग दोन दिवस वजन तेवढंच भरलं म्हणजे पाणी संपलं. बादलीवर थापलेली कुंडी मात्र पहिला थर किंचित ओला असतानाच सोडवून परत बसवा. लगदा सुकताना आवळतो आणि बादलीला असा धरून बसतो की कापल्याशिवाय निघत नाही.

रंगासाठी गेरू, पिवळी माती, काजळी यांपैकी काहीही पातळ खळीत कालवून लावा. त्यावर जवसाचं तेल. विदर्भात जवस पिकतो, तेल घाण्यावर मिळतं. पण घाण्याचं कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं. रंगाच्या दुकानातलं उकळवलेलं जवस तेल एक-दोन दिवसांत सुकतं. आतून-बाहेरून तीन हात, प्रत्येक हात पातळ, आणि अर्ध्या तासाने वरचं तेल पुसून काढायचं. पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. अशी फडकी आपोआप पेट घेतात आणि इथल्या मेमध्ये तर धोका आणखी वाढतो. ती पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर सुटी पसरून वाळवा. तेलाऐवजी मधमाशीचं मेण लावायचा सल्ला मिळेल. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण नरम त्याच्या बरंच आधी होतं. पश्चिमेच्या खिडकीत ते चिकट होऊन धूळ धरतं.

तेलाने शिंतोडे अडतात, साचलेलं पाणी अडत नाही. म्हणून लगद्याच्या कुंडीत खाद्यतेलाचा ५ लिटरचा प्लास्टिक डबा आडवा कापून त्याचा तळभाग बसवा, काठ ५ सेंमी तरी उंच ठेवून. नर्सरी कुंडी त्यात. जागा निवडताना कूलर कुठे आहे ते बघा. कूलरच्या समोर तीन महिने दमट झोत अंगावर घेतलेली कागदी कुंडी जुलैपर्यंत मऊ पडते. तिथे सिमेंटची ठेवा, ती खुशाल राहते.

लाकूड, पत्रा, माठ

पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी चौकटी, रस्त्यावर छाटलेल्या कडुनिंबाच्या, बाभळीच्या जाड फांद्या यांच्या कुंड्या देखण्या होतात. छाटणीचं लाकूड महापालिकेच्या माणसांना विचारून घ्या. राखीव जंगलातून काडीही उचलू नका, तो वनकायद्याने गुन्हा आहे. फांदी सावलीत सहा महिने सुकू द्या, टोकांना जुना रंग फासून, नाहीतर ती टोकांकडून चिरते. घुण्याची पूड पडत असेल तर मेमध्ये काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर ठेवा. लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं राहिलं की कीड मरते, निर्यातीच्या लाकडी पेट्यांना हाच नियम लावतात. पातळ लाकडात ते साधतं, जाड ओंडक्यात उन्हाने साधेलच असं नाही. भोक पाडून थर्मामीटर घाला आणि खात्री करा. जुन्या चौकटीवरचा ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं. ओलं करून खरवडा आणि खपल्या गोळा करून बांधून टाका.

कूलरचे जुने पत्रे कापून, दुमडून चांगले आकार होतात, फक्त कापलेल्या कडेचं जस्त गेलेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. कड आत दुमडा. कूलरमधून निघालेल्या वाळ्याच्या ताट्या मात्र फेकू नका. दोन पाण्यांतून धुऊन क्षार काढला की त्याचे धागे नर्सरी कुंडी आणि शिल्प यांच्यामधली फट झाकायला उत्तम. हिंगणा किंवा बुटीबोरीकडच्या कारखान्यांतून भंगारात येणारे रसायनांचे ड्रम घरात आणू नयेत. आत काय होतं ते लेबलावरून ठरवता येत नाही.

चिरलेला माठ हे सगळ्यात सोपं शिल्प आहे. तो रात्रभर पाण्यात ठेवून ग्राइंडरच्या डायमंड चकतीने कापला की भाजलेली माती फुटत नाही.

आत काय भरायचं आणि काय बिघडतं

शेतातली काळी माती घरातल्या कुंडीत नको. भिजली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेने फट सोडते आणि पुढचं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं, मुळं कोरडीच राहतात. कोकोपीट ४ भाग, चाळलेलं गांडूळखत ३ भाग, उरलेला विटेचा चुरा २ भाग आणि धानाचं जळकं तूस १ भाग असं मिश्रण भरा. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमुळे तूस इथे मुबलक आहे. स्नेक प्लांट, झीझी, मनी प्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनेमा ही झाडं इथली कोरडी हवा सोसतात. यांची पानं पाळीव प्राण्यांनी चघळली तर त्रास होतो, तेव्हा ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी पेपेरोमिया लावावा. फर्न हौसेने आणतात, पण ते मार्चनंतर कूलरच्या खोलीतच जगतात.

सिमेंटच्या कुंडीवर पांढरं काही दिसलं की लोक बुरशी समजून औषध मारतात. आधी व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर तो क्षार आहे, बोअरच्या जड पाण्याचा किंवा सिमेंटमधल्या चुन्याचा. कोरड्या ब्रशने काढा आणि आतलं पाणी झिरपतंय का ते पाहा. फसफसलं नाही आणि बोटाला मऊ लागलं तर बुरशी. कुंडी रिकामी करून तीन दिवस उन्हात ठेवा. आतून कुबट वास येत असेल तर तळाचं पाणी ओतलं गेलेलं नाही. झाड वाढून कुंडी एका बाजूला कलत असेल तर तळात काळ्या दगडाचा दोन-अडीच किलोंचा तुकडा ठेवा. लगद्याच्या कुंडीत तो पहिल्या दिवसापासूनच असावा, कारण कागदाचं आवरण किलो-दीड किलोंचं आणि भिजलेली आतली कुंडी त्याहून जड.

सिमेंटला गेलेली तडा केसाएवढी असेल तर ती वस्तू वापरात राहू द्या. नखाची कड आत शिरेल एवढी असेल तर तारेने खरवडून ओली करा, सिमेंट आणि चाळलेली विटेची पूड समसमान, थोडं फेविकॉल मिसळलेल्या पाण्यात कालवून दाबून भरा आणि चार दिवस ओलं फडकं गुंडाळा. आरपार गेलेली तडा भरून टिकत नाही. अशी कुंडी फोडा आणि तिचाच चुरा पुढच्या मिश्रणात विटेच्या जागी एक तृतीयांशापर्यंत वापरा. लगद्याची दुरुस्ती त्याहून सोपी. मऊ पडलेला भाग कापून काढा, कडा भिजवा, नवा लगदा ५ मिलिमीटरच्या थरांनी भरा आणि वर पुन्हा तेलाचे तीन हात. हे काम दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की करता येतं, उन्हाळ्याची वाट पाहायची गरज नाही. फक्त एका थराला दोनऐवजी चार-पाच दिवस द्या.